बियाण्याला बिल आहे, सल्ल्याला काय?

गेल्या हंगामात माझ्या सज्जातील एका शेतकऱ्याने कपाशीच्या लाल पडलेल्या पानाचा फोटो मोबाइलमधील एका ॲपला दाखविला. ॲपने रोग सांगितला, बुरशीनाशक सुचविले. गड्याने फवारणी करून टाकली. आठ दिवसांनी मी बांधावर गेलो आणि पान उलटून पाहिले, तर खाली तुडतुडे! फोटो वरच्या बाजूचा होता. औषध, मजुरी गेली ती गेलीच. मग तो म्हणाला, “साहेब, मोबाइलनं सांगतलं म्हून फवारलं. आता भरपाई कोनाले मागू?”

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. बियाणे उगवले नाही तर बिल, पिशवी, लॉट नंबर घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येते. पंचनामा होतो. कपाशीसाठी तर राज्याचा २००९ चा खास कायदा आहे, त्यात भरपाईची तरतूद आहे. सल्ल्याला मात्र ना बिल, ना लॉट नंबर.

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला आपण ‘एआय’ म्हणतो, तिला कायद्याचे बंधन असावे की नसावे, असा वाद सध्या जगभर आहे. बंधन घातले तर प्रगती खुंटते, असे एक पक्ष म्हणतो. बंधन नसेल तर गरीब भरडला जातो, असे दुसरा म्हणतो. आपल्या विदर्भाला हा वाद नवा नाही. बीटी कपाशीत आपण दोन्ही बाजू भोगल्या आहेत.

आठवा. २००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेली बीटी कपाशी शेतात उभी सापडली. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटीला मान्यता दिली. सोबत अट होती, की कडेने बिगर बीटीच्या ओळी लावायच्या. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळायचे. खरे सांगा, किती जणांनी ते लावले? बहुतेक पाकिटे कोठ्यातच राहिली. अट कागदावर राहिली आणि आम्हीही बांधावर जाऊन ती नीट समजावली नाही. त्यात फरदड घेतली गेली. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भात तिने बोंडे पोखरून काढली.

आता दुसरी बाजू. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कपाशीला मान्यता मिळाली नाही. निंदणाला मजूर मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी तीच मागितली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरली. बंदीने बियाणे थांबले नाही, ‘चोर बीटी’ झाले. बिल नाही, म्हणून फसगत झाली तरी तक्रार नाही.

बोध सरळ आहे. नियम नसणे वाईट, पण बांधापर्यंत न पोचणारा नियम आणि वर्षानुवर्षे न होणारा निर्णय हेही तितकेच वाईट.

एआय टाकाऊ आहे, असे कोणी समजू नये. नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेऱ्याचा कामगंध सापळा तयार केला आहे. तो पतंग मोजून मोबाइलवर कळवितो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ आली, हे गणित तुम्हाला माहीत आहेच. मोजणीचा कंटाळा गेला तर फायदा आपलाच. राज्यानेही २०२५ मध्ये कृषी एआय धोरण मंजूर केले असून त्यासाठी ५०० कोटी रुपये ठेवले आहेत.

युरोपात ऑगस्ट २०२४ पासून एआयचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. धोका मोठा तेवढे बंधन कडक, असे त्याचे सूत्र. आपल्या केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. तूर्त वेगळा कायदा नको, आहेत त्याच कायद्यांनी काम भागवावे, असा त्यांचा रोख आहे. ठीक आहे. मग शेतीच्या सल्ल्यापुरते तरी ठरावे, की सल्ला कोणाचा, कोणत्या पिकावर तपासलेला आणि चुकला तर जबाबदार कोण. एवढ्याने प्रगती अडत नाही. उलट भरवसा बसला तर चांगले ॲप टिकेल.

तोवर आपण एवढे करावे :

१) ॲपने औषध सुचविले तर त्या पिकासाठी ते शिफारशीत आहे का, हे डब्यावरच्या लेबलवर पाहावे. फवारणीपूर्वी पान उलटून पाहावे.

२) सल्ल्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा, औषधाचे पक्के बिल घ्यावे.

३) सातबारा, आधार, ओटीपी मागणाऱ्याला ‘कशासाठी?’ असे विचारावे.

४) सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी चुकलेल्या सल्ल्यांची नोंद ग्रामसभेत घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवावी.

नियम करणारे मुंबई-दिल्लीत बसतात. लाल पडलेले पान त्यांना दिसत नाही. ते आपणच कागदावर आणून दाखवायचे आहे.