झाडं बदलली की आपली मोजपट्टी?

संशोधनाकडे वळणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझा एक आग्रह असतो. पेपरमधला मुख्य आकडा दिसला की आधी त्याचं एकक बघा. ते एकक काय गृहीत धरतंय, हे कळल्याशिवाय निष्कर्षाकडे जाऊ नका. आज वसंतातल्या पालवीच्या उदाहरणातून हे समजून घेऊ.

ऋतूंप्रमाणे पालवी, बहर, पानगळ कधी होते याच्या अभ्यासाला फिनॉलॉजी म्हणतात. थंड प्रदेशात हिवाळा ओसरून ऊब वाढली की कळ्या उघडतात. त्यामुळे हवामान तापलं की वसंत लवकर येणार, हे ओघानंच आलं. नोंदीही तेच सांगतात. जपानमधल्या क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. 812 पासून सापडतात. 2021 मध्ये तिथे पूर्ण बहर 26 मार्चला आला. बाराशे वर्षांहून जास्त काळाच्या नोंदींत इतका लवकर बहर तोवर आला नव्हता.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो वेगाचा. 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये योंगशुओ फू आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी युरोपातल्या 1245 ठिकाणच्या सात वृक्षजातींच्या नोंदी तपासल्या. त्यात बीच, ओक, बर्च अशी झाडं होती. 1980 ते 1994 या काळात तापमान एका अंशानं वाढलं की पालवी सरासरी 4 दिवस लवकर फुटत होती. 1999 ते 2013 मध्ये हाच आकडा 2.3 दिवसांवर आला.

असं का झालं असावं? त्यांनी सुचवलेलं एक कारण असं: या झाडांना हिवाळ्यात ठराविक थंडी मिळावी लागते, तेव्हाच कळीची झोप नीट मोडते. हिवाळे सौम्य झाले, थंडी कमी पडली, म्हणून आता कळी उघडायला जास्त ऊब लागते. हे पटण्यासारखं आहे. सफरचंदाच्या बागायतदारांना थंडीचे तास मोजायची सवय असते, ती याचमुळे.

आता ‘दर अंशामागे किती दिवस’ या एककाकडे बघा. कागद-पेन घ्या. समजा एका झाडाला पालवीसाठी 150 डिग्री-डे लागतात. म्हणजे वाढ सुरू होण्यासाठी लागणाऱ्या किमान तापमानाच्या वर रोज जितके अंश मिळतात, त्यांची बेरीज 150 झाली की पालवी फुटते. (150 हा आकडा हिशोबापुरता धरलाय, आणि रोजचं तापमान सारखंच मानलंय.)

रोज 5 अंश मिळाले तर 30 दिवस लागतील. 6 मिळाले तर 25. म्हणजे एका अंशानं 5 दिवस वाचले. आता रोज 10 अंश मिळतात असं समजा: 15 दिवस. 11 मिळाले तर साधारण 13.6. तोच एक अंश, पण वाचला जेमतेम दीड दिवस!

झाडाची गरज 150 होती, 150 च राहिली. थंडीचा तर आपण विचारही केला नाही. तरीही ‘संवेदनशीलता घटली’ असं दिसतंय. कारण भागाकाराचा आलेख वक्र असतो आणि आपण त्यावर सरळ रेषा बसवतोय. एलिझाबेथ वोल्कोविच आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. आपल्या उदाहरणात दिवस आणि तापमान दोन्हींचा लॉग घेतला तर उतार सगळीकडे उणे 1 येतो. करून बघा. त्यांनी युरोपातल्या नोंदींना अशी दुरुस्ती लावली, तेव्हा घटत्या संवेदनशीलतेचा पुरावा उरला नाही.

मग थंडीचं कारण खोटं का? तसं अजिबात नाही. थंडीची गरज प्रयोगांतून दिसलेली आहे. मुद्दा एवढाच की ‘दर अंशामागे दिवस’ घटले, हा तिचा पुरेसा पुरावा नाही. तो वेगळा मिळवावा लागतो. उदाहरणार्थ, झाडाच्या फांद्या कापून आणायच्या, काहींना जास्त आठवडे थंडीत ठेवायचं, काहींना कमी, मग सगळ्यांना सारख्याच उबेत ठेवून कळ्या कधी उघडतात ते मोजायचं. कमी थंडी मिळालेल्या फांद्यांना जास्त डिग्री-डे लागले, तर झाडाचा प्रतिसाद खरंच बदलला.

हा नुसता आकडेमोडीचा काथ्याकूट नाही. थंडीचं कारण खरं असेल तर पालवी लवकर येण्याला पुढे लगाम बसेल. नसेल तर ती अलीकडे सरकतच राहील, आणि कोवळी पालवी उशिराच्या कडाक्यात सापडायचा धोका राहील. फ्रान्समध्ये 2021 च्या मार्चअखेर ऊब वाढली, द्राक्षवेलींना कोंब आले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातल्या हिमतुषारानं ते जाळून टाकले. बागेत कोणती जात लावायची हे याच अंदाजांवर ठरतं.

आणि हो, हे गणित उचलून सह्याद्रीतल्या कुसुमाच्या लाल पालवीला लावू नका. आपल्याकडे पालवीला अडवून धरणारी गोष्ट सहसा हिवाळ्यातली थंडी नसते. इथे जमिनीतलं पाणी, दिवसाची लांबी यांचा विचार आधी करावा लागतो. कुलूप वेगळं, तर किल्लीही वेगळी.

तुमचा विषय कुठलाही असो, एक काम करा. खऱ्या डेटाला हात लावण्याआधी खोटा डेटा तयार करा, ज्यात मूळ यंत्रणा अजिबात बदलत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. मग तुमची पद्धत त्यावर चालवा. तिथेही ‘बदल’ दिसला, तर तो तुमच्या मोजपट्टीतून आलाय. हे गाइडच्या किंवा रिव्ह्यूअरच्या आधी तुम्हाला कळलेलं केव्हाही बरं.