निरोप्याचे इमान

हिशेबाचा अथवा नोंदणीचा प्रोग्राम आणि त्या नोंदी ज्यात प्रत्यक्ष साठवल्या जातात तो डेटाबेस, ही दोन्ही बहुधा निराळ्या माणसांनी, निराळ्या काळी आणि निराळ्या भाषांत रचलेली असतात. तरीही खिडकीमागच्या कारकुनाने बटण दाबताच खातेदाराची शिल्लक पडद्यावर उमटते, ती ज्या मध्यस्थाच्या चाकरीमुळे, त्या ‘ड्रायव्हर’चे नावही सहसा कोणी घेत नाही.

पूर्वी प्रत्येक डेटाबेसचा दस्तूर स्वतंत्र असे, आणि एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याकडे न्यावयाचा म्हणजे देवघेवीचा सारा भाग नव्याने लिहिणे आले. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणि १९९७ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर जेडीबीसी हे सामाईक दस्तूर आणले. प्रोग्रामाने मागणी कोणत्या रीतीने करावी एवढे त्यांनी ठरवून दिले, आणि तिचे त्या त्या डेटाबेसच्या बोलीत रूपांतर करण्याचा जिम्मा ड्रायव्हरवर टाकला.

हे रूपांतर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या जावा ड्रायव्हरात जवळून न्याहाळण्यासारखे आहे. जोडणी सिद्ध झाल्यावर जाणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या आरंभी एका बाइटात एक रोमन अक्षर असते व पुढील चार बाइटांत लांबी, तीही स्वतःच्या चार बाइटांसकट मोजलेली. ‘पी’ अक्षराच्या निरोपातून मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवलेला आज्ञेचा मजकूर जातो, ‘बी’च्या निरोपातून ती मूल्ये स्वतंत्रपणे जातात, ‘ई’ने अंमलबजावणी होते, आणि सारे उरकल्यावर डेटाबेसचा सर्व्हर ‘झेड’ अक्षर धाडून पुढील हुकुमास आपण तयार असल्याचे कळवतो.

मजकूर आणि मूल्य वेगवेगळ्या लखोट्यांतून पाठवण्याची ही रीत मला या व्यवस्थेचा प्राण वाटते. गोव्यातील डिसूझा किंवा वसईकडील डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर एकेरी अवतरणचिन्ह देण्याची वहिवाट आहे, आणि डेटाबेसला आज्ञा देण्याच्या एसक्यूएल या भाषेत नेमकी तीच खूण मजकुराचा शेवट दाखवते. माझ्या पाहण्यातील एका कचेरीत प्रोग्राम लिहिणाऱ्याने अर्जदाराचे नाव सरळ आज्ञेतच चिकटवले होते. इतरांचे अर्ज बिनबोभाट दाखल होत, आणि अशा आडनावाच्या एका बाईंना तीन खेपा घालूनही नोंद चुकीची असल्याचे उत्तर मिळे. स्वतःचे नाव बिनचूक लिहिणाऱ्या माणसालाच चूक ठरवले जावे, हे मला फार लागले. त्याच फटीतून एखादा लबाड मनुष्य नावाच्या रकान्यात आज्ञा लिहून सबंध दप्तर पुसून टाकू शकतो, हा धोका तर त्याहून मोठा. मोकळ्या जागेचा उपयोग केला, की त्या रकान्यात काहीही लिहिलेले असो, सर्व्हर ते केवळ नाव म्हणूनच घेतो.

मराठी नावांपुढचे संकट निराळे आहे. अक्षरे बाइटांत मांडण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द काना आणि वेलांटी धरून पंधरा बाइटांचा होतो. दोन्ही टोकांमध्ये केवळ रोमन वळणाच्या अक्षरांचा संकेत ठरलेला असला, तर या चिन्हांना तेथे जागाच नसते, आणि नोंदीत नुसती प्रश्नचिन्हांची रांग उरते, जिच्यावरून मूळ नाव पुन्हा कोणालाही काढता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर जोडणी करतानाच सर्व्हरला यूटीएफ-८चा संकेत कळवतो, आणि पुढे कोणी तो परस्पर बदलल्याचे आढळले, तर मुद्दाम मुभा दिलेली नसल्यास तक्रार नोंदवून जोडणी तोडून टाकतो.