मावळतीचे अर्घ्य

भा. रा. तांबे यांची ‘मावळत्या दिनकरा’ ही कविता ज्याच्या कानावर पडली नाही असे मराठी घर विरळाच. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा स्वर यांनी ती घरोघर पोचवली. हिंगणघाटच्या महाविद्यालयात गेली वीस वर्षे मी ती शिकवीत आलो आहे. उगवत्याला सारेच वंदन करतात आणि मावळत्याकडे पाठ फिरवतात. कवी मात्र हात जोडून अस्ताला जाणाऱ्या सूर्याला अर्घ्य देतो. जगाची कृतघ्नता, हा या कवितेचा आशय! परीक्षेत पाच गुण मिळवायला एवढा अर्थ पुरे होता.

कवितेचा उरलेला अर्थ मला गेल्या वर्षी माझ्या वडिलांनी शिकवला.

हिंगणघाट हे कापसाचे गाव. 1880 नंतर येथे गिरण्या उभ्या राहिल्या आणि पिढ्यान् पिढ्या माणसे भोंग्यावर उठू लागली. बाबा त्यांपैकीच एक. साच्यावर उभे राहून त्यांनी आम्हा भावंडांना शिकवले. निवृत्त झाल्यापासून रोज सायंकाळी मारुतीच्या पारावर बसून ते वस्तीतल्या मुलांकडून पाढे म्हणवून घेतात. गेल्या पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले, पाय मोडला. तीन महिने अंथरुणात काढले. उठून बसता येऊ लागताच त्यांनी आधी काठी मागितली. पहिल्या दिवशी दारापर्यंत, दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत, असे करीत महिन्याभरात स्वारी पुन्हा पाराकडे निघाली!

मी चिडलो. म्हणालो, “बाबा, वय एकोणऐंशी झाले. आता स्वस्थ बसा. पाढे काय, मुले मोबाइलवरही शिकतात.”

काठी टेकीत ते थांबले. म्हणाले, “काहून रे बाबू, तो तुझ्या कवितेतला सूर्य का चार वाजताच घरी जाते?”

त्या रात्री मी ती कविता पुन्हा उघडली. इतकी वर्षे एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्या कवितेत तक्रार आहे ती कवीची. सूर्य एक शब्दही बोलत नाही! लहानथोर न पाहता तो दिवसभर फिरला, सर्वांना सारखा प्रकाश दिला आणि मावळेपर्यंत आपले काम केले. कुणी आभार मानील म्हणून तो तळपला नव्हता. मग कुणी पाठ फिरवली म्हणून तो मध्येच कसा थांबेल?

तांब्यांचे स्वतःचे आयुष्य तरी याहून निराळे कुठे होते? जन्म 1873 चा, मुंगावलीचा. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, देवास-ग्वाल्हेरकडच्या संस्थानी मुलखात राहून त्यांनी मराठी कविता लिहिली. पहिला संग्रह निघाला 1920 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीच्या सुमारास! माधव जूलियनांनी संपादित केलेली ‘समग्र कविता’ 1935 मध्ये आली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुढे 1941 मध्ये ग्वाल्हेरलाच ते निवर्तले. अर्घ्याची वाट पाहत बसले असते, तर ही कविता आपल्याला मिळाली असती का?

चिकाटी म्हणजे तरुणपणाची धाव, अशी आपली समजूत असते. मला वाटते, तिची खरी कसोटी लागते ती उतारवयात. शक्ती ओसरत असताना आणि कौतुक करणारे पांगलेले असताना.

मात्र सूर्याला अर्घ्य नको असले, तरी आपली जबाबदारी टळत नाही. आपल्या जुन्या संध्येत सायंकाळचेही अर्घ्य असे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी बिहारी मंडळी छठपूजेत पहिले अर्घ्य देतात ते मावळत्या सूर्याला. उगवत्याची पाळी दुसऱ्या दिवशी येते. आपण मात्र मुलांच्या परीक्षांची टिपणे ठेवतो आणि वडिलांच्या चष्म्याचा नंबर वर्षानुवर्षे तपासून घेत नाही. घरातला वडीलधारा काही करू पाहतो तेव्हा ‘स्वस्थ बसा’ म्हणतो आणि त्यालाच प्रेम समजतो! मीही तेच करीत होतो.

हल्ली बाबांना मी अडवीत नाही. सायंकाळी पारापर्यंत त्यांच्याबरोबर चालतो. हात धरलेला त्यांना खपत नाही, म्हणून दोन पावले मागे राहतो. पारावर पोचले की ते काठी बाजूला ठेवतात आणि मुले एका सुरात एकोणतीसचा पाढा सुरू करतात. तो मला आजही अडखळल्याशिवाय येत नाही. बाबांना येतो.