आरतीची वेळ आणि एपीआयचं डॉक्युमेंटेशन

डार्मश्टाटमधल्या आमच्या छोट्या मंडळात सूचना पाठवण्याचं काम कुणालाच नको असतं. म्हणून गेल्या गणेशोत्सवात ते मी एका एआय एजंटकडे सोपवलं. सोबतीला एक तयार साधन घेतलं, एकदा मजकूर दिला की तो चार-पाच समाजमाध्यमांवर टाकणारं. एजंट अशा साधनाशी एपीआयमार्फत बोलतो. एपीआय म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकघराची खिडकी समजा. आत काय चाललंय ते दिसत नाही. ठरलेल्या शब्दांत ऑर्डर द्यायची आणि ताट घ्यायचं. ते ठरलेले शब्द डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले असतात.

पहिल्याच सूचनेला खिडकीतून उत्तर आलं नाही. एजंटने ती पुन्हा पाठवली, मग तिसऱ्यांदा. प्रत्यक्षात तिन्ही पोहोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आरतीची वेळ सातवरून साडेपाचवर आली. एजंटकडे फक्त तिसऱ्या सूचनेचा क्रमांक होता, त्याने तेवढीच बदलली. हायडेलबर्गहून एक कुटुंब आजींना घेऊन सात वाजता आलं, तेव्हा आम्ही खुर्च्या आवरत होतो. आजी काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, डॉक्युमेंटेशन वाचलं. दिसायला देखणं, प्रत्येक आज्ञेचं उदाहरण चार-पाच प्रोग्रामिंग भाषांत. पण 'उत्तर आलं नाही तर काय करायचं?' याबद्दल अवाक्षर नाही. माणूस असता तर अडखळला असता, शेजारच्या टेबलावर विचारून आला असता. एजंटला मात्र ते साधन कळतं ते लिहिलेल्या ओळींतूनच. मधली रिकामी जागा तो इतरत्र साधारण काय होतं यावरून भरून काढतो, आणि तेही बिनधास्त.

तुलनेसाठी २०१६ साली जर्मनीत सुरू झालेल्या मॅस्टोडॉनचं डॉक्युमेंटेशन पाहिलं. पोस्ट टाकण्याच्या आज्ञेसोबत 'आयडेम्पोटन्सी-की' नावाची एक खूण पाठवता येते. त्याच खुणेने तीच पोस्ट पुन्हा आली तर सर्व्हर दुसरी प्रत बनवत नाही, आणि ही खूण जास्तीत जास्त एक तास लक्षात ठेवली जाते, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. एका खात्याला ५ मिनिटांत ३०० विनंत्या, हेही. फोटो चढवल्यावर २०२ हा आकडा आला तर 'घेतलाय, काम चालू आहे'. नंतर विचारल्यावर २०६ म्हणजे 'अजून चालूच', २०० म्हणजे तयार. वाचायला अगदी रुक्ष! पण आमची सूचना या एका खुणेने तिनाची एक झाली असती.

मराठी माणसाला खास त्रास देणारी गोष्ट वेगळीच आहे. 'अक्षर' म्हणजे काय? 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडच्या हिशेबात ते सहा चिन्हांचं, आणि यूटीएफ-८ मध्ये साठवलं की १८ बाइटचं. ब्लूस्कायचं डॉक्युमेंटेशन इथे नेमकं बोलतं. पोस्टमधली लिंक कुठे सुरू होते ते बाइटमध्ये मोजायचं असतं. 'गणपती' आणि त्यापुढे एक मोकळी जागा, मग लिंक: चिन्हं मोजली तर ६, बाइट मोजले तर १६. इंग्रजी मजकुरात दोन्ही हिशेब सारखेच येतात, म्हणून फक्त इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही. आपली लिंक मात्र 'गणपती'तल्या 'प'पासूनच सुरू होते.

आणखी एक अडचण. लांबलचक डॉक्युमेंटेशन एजंट बहुतेक वेळा अथपासून इतिपर्यंत वाचत नाही, प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तेवढेच वाचतो. अशा शोधात जी तंत्रं वापरतात त्यांतलं एक प्रसिद्ध नाव आमच्याच गावचं आहे. इथल्या तांत्रिक विद्यापीठात निल्स रायमर्स आणि इरिना गुरेविच यांनी २०१९ साली सेंटेन्स-बर्ट मांडलं. त्यात वाक्याचे आकडे होतात, आणि अर्थाने जवळची वाक्यं आकड्यांतही जवळ येतात. पण नेमका तुकडा सापडला आणि त्यात 'मर्यादा वर सांगितल्याप्रमाणे' एवढंच असलं, तर 'वर' काय होतं ते एजंटपर्यंत पोहोचतच नाही.

लिहिलेलं असूनही न सापडणं काय असतं, हे डार्मश्टाटला जुनं माहीत आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. त्यात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते, ज्यांचं नियंत्रण इथल्या एसॉकमधून व्हायचं होतं. एरियन ४ साठी लिहिलेला प्रोग्राम पुन्हा वापरला होता, आणि आडव्या वेगाशी निगडित एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. ही जागा संरक्षणाशिवाय सोडायचं सर्वांनी मिळून ठरवलं होतं, पण त्याचं कारण प्रोग्रामच्या मजकुरात नव्हतं. चौकशी समितीच्या मते ते कागदपत्रांच्या ढिगात झाकलं गेलं होतं. उपग्रह नव्याने बांधून २००० साली पाठवावे लागले.

आता नवं साधन घेण्याआधी मी त्याचं डॉक्युमेंटेशन एका कोऱ्या एजंटला देतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू का? दृश्यता सांगितली नाही तर पोस्ट कुणाला दिसेल? खोडलेली पोस्ट परत आणता येते का? लिहिलेलं नसेल तर 'लिहिलेलं नाही' म्हण, अशी सक्त ताकीद असते. तोच प्रश्न तीनदा विचारून तीन उत्तरं आली, तर बहुधा मजकूर संदिग्ध असतो. या चाचणीत आमचं जुनं साधन पहिल्याच प्रश्नाला गळालं. यंदा एजंट फक्त कच्चा मसुदा करतो, 'पाठवा' हे बटण आमच्या खजिनदारीणबाई दाबतात. हायडेलबर्गच्या आजींना मात्र मी फोनच करणार आहे.