जुलाब लागलेल्या पोराचे पाणी तोडू नका



पेरणीचे दिवस आले की विहिरीला नवे पाणी येते आणि त्याबरोबर गावात लहान मुलांचे जुलाबही सुरू होतात. मी कृषी खात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरी आज पिकाऐवजी पोरांविषयी लिहितो, त्याला कारण घडले.

मागच्या पावसाळ्यात शेतीशाळा आटोपून येताना एका वस्तीवर थांबलो. दीड वर्षाचे पोर आईच्या खांद्यावर मान टाकून पडले होते. सकाळपासून सात-आठ जुलाब झालेले. आजी म्हणाली, "साहेब, पाणी बंद केलंय. पाजलं की लगेच हगतंय." पोराचे डोळे खोल गेले होते, रडत होते, पण डोळ्यांत टिपूस नव्हते. मायलेकरांना गाडीवर बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. पोर वाचले. आणखी दोन तास गेले असते तर काय झाले असते, कोण जाणे!

उन्हाने रोपाने मान टाकली तर आपण त्याचे पाणी तोडतो का? मग पोराचेच का तोडायचे? जुलाबात अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात. जीव जातो तो त्यामुळेच. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पोटात गेले, तर जुलाब चालू असतानाही आतडे पाणी शोषून घेते. १९७१ साली बनगावला बांगलादेशी निर्वासितांत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी रोग्यांना पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती चारच्या आत आली. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आता घरी काय करायचे ते सांगतो :

१) पहिल्या जुलाबालाच सुरुवात करा. ओआरएसची म्हणजे जलसंजीवनीची मोठी पुडी आशाताईंकडे मिळते. ती पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा. पाणी २४ तासांत संपवा, उरले तर फेकून द्या.

२) पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको.

३) दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप पाणी पाजा, तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्या.

४) अंगावरचे दूध तोडू नका. मोठ्या मुलाला मऊ भात, वरण, खिचडी द्या.

५) झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्या. किती द्यायची ते वयाप्रमाणे आशाताईंना विचारा. जुलाब बांधणारे औषध मनाने देऊ नका.

पोर सुस्त झाले, पाणीही पिईना, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली किंवा शौचात रक्त दिसले, तर पेरणी राहू द्या. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. वाटेतही पिईल तेवढे पाणी पाजत राहा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही विनंती. टीसीएल पावडर उघड्या पोत्यात पडून राहिली की तिचा जोर जातो. ती बंद डब्यात ठेवा, पाणी रोज शुद्ध करा, शेवटच्या नळावरही ओ.टी. तपासणी करा आणि गटाराजवळची पाइप गळती आधी बुजवा.

पेरणी दोन दिवस लांबली तर चालते. पोराचे पाणी दोन तासही लांबवू नका.