विजय कोणाच्या खात्यावर?

बेसबॉलचा सामना संघ जिंकतो, पण विजय चढतो एकाच पिचरच्या नावावर. पराभवही तसाच, हरलेल्या बाजूच्या एकाच पिचरच्या माथी. मैदानात नऊ जण असतात, पिचर मध्येच बदलतात, तरी ही वाटणी होतेच. ती अधिकृत गुणलेखक नियमाला धरून करतो. क्रिकेटवर वाढलेल्याला हे चमत्कारिक वाटते. आपल्याकडे गोलंदाजापुढे षटके, निर्धाव षटके, धावा आणि बळी एवढेच लिहितात. सामन्याचा निकाल त्या ओळीत येत नाही.

भिलाईच्या एका गोलंदाजामुळे हा फरक नीट कळतो. भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेले ऑफस्पिनर राजेश चौहान १९९३ ते १९९८ या काळात २१ कसोटी खेळले. त्यांतली एकही भारत हरला नाही. कुंबळे आणि वेंकटपती राजू यांच्या जोडीला राहून त्यांनी ४७ बळी घेतले, पण 'पराभव शून्य' असा रकाना गोलंदाजीच्या तक्त्यात नसतोच; सामन्यांचे निकाल शेजारी ठेवून ताडणाऱ्यालाच ती गोष्ट सापडते. बहुतेकांना चौहान आठवतात ते १९९७ मध्ये कराचीत सकलेन मुश्ताकला मारलेल्या षटकारामुळे, म्हणजे फलंदाजीमुळे.

बेसबॉलमध्ये असा रकाना असतो, पण तो भरण्याचे नियम किचकट आहेत. सामना सुरू करणाऱ्या पिचरला विजय हवा असेल तर नऊ इनिंगच्या सामन्यात त्याने किमान पाच इनिंग टाकलेल्या असाव्या लागतात, तो बाहेर जाताना संघ आघाडीवर असावा लागतो आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकावी लागते. मध्ये एकदा जरी बरोबरी झाली, तरी त्याचा हक्क गेला. मग संघ ज्या वेळी निर्णायक आघाडी घेतो, त्या वेळी जो पिचर खेळात असेल त्याला विजय मिळतो. सुरुवातीचा पिचर पाच इनिंगच्या आत बाहेर पडला आणि आघाडी टिकली, तर नंतर आलेल्यांपैकी सर्वांत परिणामकारक कोण हे गुणलेखक ठरवतो. पराभवाचा नियम सोपा आहे. प्रतिस्पर्ध्याला न सुटणारी आघाडी देणारी धाव ज्याच्या खात्यातली, तो हरला.

या हिशेबाचा सर्वांत क्रूर नमुना २६ मे १९५९ चा. पिट्सबर्ग या अमेरिकेतल्या पोलादनगरीच्या संघाचा हार्वे हॅडिक्स त्या दिवशी मिलवॉकीविरुद्ध पिचर होता. बारा इनिंग त्याने एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू दिले नाही. ओळीने ३६ बाद. तेराव्या इनिंगमध्ये क्षेत्ररक्षकाच्या चुकीच्या फेकीने एक धावपटू बेसवर आला, पुढे सरकला आणि मिलवॉकीचा फलंदाज अॅडकॉक याच्या फटक्यावर घरी पोहोचला. मिलवॉकी १-० ने जिंकले. त्यांचा पिचर ल्यू बर्डेट याने बारा हिट दिले होते, तरी विजय त्याचा. पराभव हॅडिक्सचा.

पण त्याच तक्त्यात हॅडिक्सपुढे दुसरा एक आकडा आहे: 'अर्न्ड रन' शून्य. पिचरने स्वतः ओढवून घेतलेली धाव तेवढी अर्न्ड. क्षेत्ररक्षकाची चूक किंवा कॅचरच्या हातून निसटलेला चेंडू यांमुळे झालेली धाव त्यातून वगळतात. त्यासाठी गुणलेखक इनिंग मनातल्या मनात पुन्हा खेळतो: ही चूक झालीच नसती तर किती बाद झाले असते आणि कोण कुठपर्यंत पोहोचला असता? पिचरचा स्वतःचा भरकटलेला चेंडू मात्र माफ होत नाही. क्रिकेटमध्ये ही माफी जवळजवळ नाही. बाय आणि लेगबाय वगळले, तर स्लिपमध्ये सुटलेल्या झेलानंतरच्या शंभर धावाही गोलंदाजाच्याच. उलट वाइड आणि नोबॉल १९८० च्या दशकापर्यंत त्याच्या नावावर धरतच नसत!

अर्न्ड धावांना नऊने गुणून टाकलेल्या इनिंगनी भागले की पिचरची सरासरी निघते. सहा इनिंगमध्ये दोन अर्न्ड धावा, तर ३.००. इनिंग ६.१ अशी लिहितात तेव्हा अर्थ सहा इनिंग आणि एक बाद. १२.४ षटके वाचणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. पिचर बदलला तर बेसवर आधीपासून उभ्या असलेल्यांच्या धावा जुन्याच्या खात्यात जातात, म्हणजे नव्या पिचरने मार खाल्ला तरी सरासरी बिघडते ती डगआउटमध्ये बसलेल्याची.

सामना संपवणाऱ्या पिचरसाठी 'सेव्ह' हा रकाना १९६९ मध्ये अधिकृत झाला. कल्पना शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची. जास्तीत जास्त तीन धावांची आघाडी सांभाळत शेवटची पूर्ण इनिंग टाकली, बरोबरीची धाव बेसवर, फलंदाजीला किंवा त्याच्या पाठोपाठच्या क्रमावर असताना येऊन सामना संपवला, किंवा शेवटच्या तीन इनिंग प्रभावीपणे टाकल्या, तर सेव्ह मिळते. विजय ज्याला मिळाला त्याला मात्र ती मिळत नाही.

या तक्त्याचे मूळ क्रिकेटमध्येच आहे. बेसबॉलचा धावफलक घडवणारे हेन्री चॅडविक इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर होते. स्ट्राइकआउटसाठी 'के' हे अक्षर त्यांचेच. फलंदाजाने तिसरा स्ट्राइक नुसता पाहिला तर ते उलटे काढतात. विजय-पराभवाच्या रकान्याचा मान मात्र अलीकडे घसरला आहे. जेकब डिग्रॉमने २०१८ मध्ये १० विजय आणि ९ पराभव अशा मामुली नोंदीवर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, कारण त्याची सरासरी १.७० होती. हा निवाडा योग्यच म्हणावा लागेल.

चेंडू टाकण्याच्या नियमांत दोन्ही खेळ अगदीच वेगळे. क्रिकेटमध्ये नजर कोपरावर असते, आणि चौहान यांच्या शैलीवरही शंका घेतली गेली होती. बेसबॉलला कोपराशी काही देणेघेणे नाही, त्याला पाय बघायचा असतो. घरच्या प्लेटपासून साडेसाठ फुटांवरच्या रबरी पट्टीला पाय टेकलेला हवा, आणि बेसवर धावपटू असताना टाकण्याची हालचाल सुरू करून मध्येच थांबले की 'बॉक', म्हणजे प्रत्येक धावपटूला एक बेस फुकट. २००८ मध्ये भारतात पिचर शोधण्याची स्पर्धा झाली तेव्हा निवडले गेलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघे गोलंदाज नव्हते, भालाफेकपटू होते. दोघांना करारबद्ध केले ते हॅडिक्सच्याच पिट्सबर्ग संघाने. २००९ मध्ये कनिष्ठ लीगमधल्या एका सामन्यात रिंकूच्या नावापुढे विजयाची नोंद झाली.