धुराड्यांत चढणारी मुले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील बालमजुरीचा विषय निघाला की लँकाशरच्या कापडगिरण्याच तेवढ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु शेतमजुरी, घरकाम आणि घरोघर चालणारे लेस विणण्यासारखे धंदे यांतही असंख्य गरीब मुले राबत होती, आणि १८३३ च्या कायद्याने गिरण्यांवर निदान चार सरकारी निरीक्षक नेमले गेले, तसा कोणी वाली या मुलांना पुष्कळ काळ लाभला नाही.

कायदा होताच अन्याय थांबला, ही समजूत तर याहूनही भ्रामक आहे. घरांची धुराडी साफ करणाऱ्या मुलांचे उदाहरण घ्यावे. जेमतेम नऊ इंच रुंदीच्या काळोख्या नळीत कोपर-गुडघ्यांच्या आधाराने वर सरकायचे, काजळी खरवडायची. सोललेली कातडी निबर व्हावी म्हणून त्या जखमांवर मिठाचे पाणी चोळून मुलाला धगधगत्या विस्तवाजवळ उभे करीत. ही हकीगत खुद्द सरकारी चौकशीतील साक्षींत नमूद आहे. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुले उमेदवार म्हणून ठेवण्यास मनाई केली, १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविणे गुन्हा ठरविले, १८६४ साली शिक्षा अधिक कडक झाली, तरीही मुले चढतच राहिली.

दुसरा उपाय नव्हता म्हणून हे चालले, असेही म्हणण्याची सोय नाही, कारण जॉर्ज स्मार्ट याने लांब दांड्यांचा ब्रश १८०३ सालीच तयार केला होता. वाकडीतिकडी धुराडी दुरुस्त करण्याचा खर्च आणि गालिचे मळण्याची भीती यांपुढे प्रतिष्ठित घरमालकांना मुलाचा जीव स्वस्त वाटला. म्हणून केवळ मुले राबविणाऱ्या धुराडेवाल्यांच्या क्रौर्यावर सारा दोष ढकलणे मला न्याय्य वाटत नाही. मुले चढविण्यास मनाई करणारे विधेयक १८१९ साली फेटाळले तेही पार्लमेंटातील लॉर्डांच्या सभागृहाने.

अखेर १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथील वेड्यांच्या इस्पितळाचे धुराडे साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गुदमरून मेला आणि त्याच्या मालकास सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हे प्रकरण हाती धरून त्याच वर्षी नवा कायदा मंजूर करवून घेतला. प्रत्येक धुराडेवाल्याला दरसाल पोलिसांकडून परवाना घेणे भाग पडले, अंमलबजावणी पोलिसांच्या गळ्यात पडली, आणि परवाना गमावण्याची धास्ती बसल्यावरच हा धंदा मुलांवाचून चालू लागला.